नकाशा झाला, आता रानाचे काय करायचे?

पेरूच्या उत्तरेला लोरेतो नावाचा प्रांत आहे. रस्ते जवळपास नाहीतच. जाणे-येणे सगळे नदीने. काही वर्षांपूर्वी तिथे दर महिन्याला निरोप्ये होडीने गावोगाव जात आणि त्यांच्याजवळ पेन ड्राइव्ह असत. उपग्रहांच्या चित्रांवरून कुठल्या गावाच्या हद्दीत नुकतीच झाडे पडली आहेत, याची ठिकाणे त्या पेन ड्राइव्हमध्ये भरलेली असत. गावाने निवडलेली तीन माणसे ती फोनवर उतरवून घेत, रान तुडवत नेमक्या जागी जात, फोटो काढत आणि परत येऊन गावसभेत सांगत. तोडणारा बाहेरचा असेल तर काय करायचे, घरचाच असेल तर काय, हे सभा ठरवी. या प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आले. ज्या ३६ गावांत हे काम झाले तिथे, न झालेल्या गावांच्या मानाने, पहिल्या वर्षी जंगलतोड ५२ टक्क्यांनी कमी भरली. दुसऱ्या वर्षी २१ टक्क्यांनी.

५२ चा आकडा भाषणात शोभतो, २१ चा विचार करायला लावतो. उपग्रह दोन्ही वर्षी तोच होता आणि फोनही तेच. मग फरक पडला तो होडीत, पायांत की सभेत, हा प्रश्न कुठल्याही ॲपच्या माहितीपत्रकात सापडत नाही.

आदिवासींची जमीन आणि डिजिटल नकाशे या विषयावर बोलताना नेमकी इथेच गफलत होते. नकाशाकडून खरे तर तीन निरनिराळी कामे हवी असतात. रान आमचे आहे हे दाखवून देणे हे एक. रानात कोण घुसले त्याची राखण हे दुसरे. आणि पुढची वीस-तीस वर्षे या रानाचे काय करायचे, गुरे कुठे, बांबू कुठे, कुठे कुणी पाऊलही टाकायचे नाही, हे ठरवणे तिसरे. पहिल्या दोन कामांत या साधनांनी मोठी मजल मारली आहे. तिसऱ्यात ती अजून चाचपडत आहेत. गंमत अशी की अनुदानाचे अर्ज आणि परिषदांचे विषय बहुधा या तिसऱ्या कामाच्या, म्हणजे ‘भूवापर नियोजना’च्या नावाने निघतात.

सुरुवात कागदावरच झाली. १९७३ मध्ये कॅनडाच्या आर्क्टिक भागात मिल्टन फ्रीमन या मानवशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली इनुइट लोकांच्या जमीनवापराचे काम सुरू झाले. पद्धत साधी होती. शिकाऱ्यासमोर नकाशा पसरायचा, त्यावर पारदर्शक कागद ठेवायचा, हातात रंगीत पेन्सिली द्यायच्या आणि विचारायचे: कर्ता झाल्यापासून कॅरिबू कुठे मारलास? सील कुठे? मासे कुठे धरलेस, तळ कुठे ठोकलास? एका माणसाचे अख्खे आयुष्य एका कागदावर उतरे. याला नाव पडले ‘नकाशा-चरित्र’. अशी सोळाशेच्या आसपास चरित्रे जमली. ती एकावर एक ठेवली तेव्हा सरकारी नकाशावर जो मुलूख कोरा होता तो पेन्सिलीच्या रेघांनी भरून गेला. १९७६ मध्ये तीन खंड प्रसिद्ध झाले. आज संगणकावर ‘लेयर’ म्हणतात ती कल्पना इथे ट्रेसिंगच्या कागदावर पूर्णपणे हजर होती.

त्या कागदांनी पहिले काम चोख बजावले. १९९३ मध्ये जमिनीचा करार झाला आणि १ एप्रिल १९९९ ला नुनावुत हा स्वतंत्र प्रदेश अस्तित्वात आला. करारात भूवापराचा आराखडा करण्याचे कलम होतेच. त्यासाठी नियोजन आयोग नेमला गेला. आराखड्याचे मसुदे २०१२, २०१४, २०१६, २०२१ असे निघत राहिले आणि शिफारशीचा आराखडा सरकारांच्या हाती पडला तो २०२३ मध्ये. शिकारीच्या जागा तीन वर्षांत उतरवून झाल्या होत्या. त्या जागांपैकी कुठे खाण चालेल आणि कॅरिबू पिल्ले घालतात तिथे चालेल का, या वादात तीस वर्षे गेली. आणि मधल्या काळात संगणक आला, जीआयएस ही संगणकावरची नकाशाप्रणाली आली, उपग्रह आले. कामाला वेग आला नाही, कारण अडत होते ते रेघांपाशी नव्हतेच.

कोर्टाचे प्रकरण मात्र वेगळे. तिथे रेघ लागते.

कॅनडाच्याच ब्रिटिश कोलंबियात गित्क्सान आणि वेतसुवेतेन लोकांनी १९८४ मध्ये ५८ हजार चौरस किलोमीटर मुलखावर हक्क सांगितला. त्यांचे दस्तऐवज म्हणजे कुळाकुळांची गाणी आणि कथा. कुठला डोंगर कुणाचा, कुठल्या ओढ्यावर कुणी जाळे टाकायचे, हे सगळे त्यात. साक्षीला आलेल्या एका वृद्धेने कोर्टात गाणे म्हणण्याची तयारी दाखवली, तेव्हा न्यायमूर्तींनी आपल्याला गाण्याचा कान नाही असे सांगून पाहिले. गाणे झाले, पण १९९१ चा निकाल विरुद्ध गेला. १९९७ मध्ये याच, देल्गामूक्व नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि मौखिक इतिहासाला पुराव्याचा दर्जा दिला. पण त्या वर्षांत आदिवासी संघटना एक धडा शिकून बसल्या होत्या: गाण्याचा अक्षांश-रेखांश काढून ठेवलेला बरा. टेरी टोबायस यांनी २००० मध्ये लिहिलेली ‘चीफ केरीज मूस’ ही पुस्तिका याच धड्याची बाराखडी आहे. कोण, काय, कुठे, कधी. चारांपैकी एक उत्तर राहिले तरी उलटतपासणीत सगळा नकाशा ढासळतो.

त्याच १९९७ साली ऑस्ट्रेलियात काही लोकांनी हा हिशेबच उलटा केला. ग्रेट सँडी वाळवंटातल्या चार भाषिक गटांना जमिनीचा दावा मांडायचा होता आणि न्यायाधिकरणाची इंग्रजी त्यांना परकी होती. त्यांनी पिर्निनी नावाच्या जागी ८ मीटर बाय १० मीटरचे कापड अंथरले आणि त्यावर आपापले पाणवठे रंगवले. सुनावणीच्या वेळी प्रत्येक जण कापडावर आपल्या पाणवठ्यावर जाऊन उभा राहिला आणि आपल्या भाषेत बोलला. न्गुर्रारा कॅनव्हास या नावाने ते चित्र आज ओळखले जाते. २००७ मध्ये सुमारे ७६ हजार चौरस किलोमीटरवरचा त्यांचा हक्क मान्य झाला. त्या कापडावर मोजपट्टी नव्हती, उत्तर दिशेचा बाणही नव्हता.

अर्थात प्रत्येक गावाला असे कापड आणि ते समजून घेणारे न्यायाधिकरण मिळत नाही. बाकीच्यांना जीपीएस मिळाले. अमेरिकेने २००० च्या मे महिन्यात नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि शंभर मीटरपर्यंत भरकटणारे हातातले यंत्र एकदम पाच-दहा मीटरच्या आत आले. २००५ मध्ये गूगल अर्थ निघाले. पुढच्या चार-पाच वर्षांत अँड्रॉइड फोन आला. ही तीन साधने एकत्र आल्यावर गावाला सर्व्हेअरची वाट पाहायचे कारण उरले नाही.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण ब्राझीलमधील सुरुई लोकांचे. बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध आला १९६९ मध्ये, आणि पाठोपाठ आलेल्या साथींत ती जमात काही शेकड्यांवर आली. त्यांचे नेते अल्मिर सुरुई यांनी इंटरनेट कॅफेत गूगल अर्थवर आपले रान पाहिले. चारही बाजूंनी तोड झालेल्या तपकिरी मुलखात एक हिरवा तुकडा. २००७ मध्ये ते थेट गूगलच्या दारात गेले. मग प्रशिक्षणे झाली, तरुणांच्या हाती फोन आले, २०१२ च्या रिओ परिषदेत सुरुईंचा सांस्कृतिक नकाशा जगासमोर आला. पुढच्याच वर्षी त्यांनी नातुरा या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला १ लाख २० हजार टनांचे कार्बन क्रेडिट विकले. धनुष्यबाण ते लॅपटॉप अशा मथळ्यांना ऊत आला.

मथळे थांबतात तिथून पुढची गोष्ट अशी: रानात सोने आणि हिरे काढणारे घुसले, तोड वाढली, जमातीतच फूट पडली आणि २०१८ मध्ये कार्बनचा प्रकल्प स्थगित झाला. नकाशात काही चूक नव्हती. चोरटे लाकूड आणि खनिज यांतून हातात पडणाऱ्या रोख पैशासमोर तीस वर्षांचा आराखडा टिकवायचा कसा, याचे उत्तर नकाशात नसते, एवढेच. सुरुईंच्या कहाणीचा पहिला अर्धा भाग सांगून थांबणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यात तंत्रज्ञानाच्या कंपन्याच नव्हेत, चांगल्या हेतूच्या संस्थाही आहेत.

इक्वेडोरमधील वाओरानी लोकांनी या अनुभवांनंतर बरेच काही वेगळे केले. त्यांच्या पास्तासा भागात सरकारने तेलासाठी ‘ब्लॉक २२’ आखला होता. सरकारी नकाशात नद्या आणि तेलाचे चौकोन, बाकी हिरवी पोकळी. वाओरानींनी २०१५ पासून गावोगाव आपला नकाशा केला, त्यासाठी वापरलेले ‘मापेओ’ हे साधन मुळातच रानासाठी घडवलेले होते. इंटरनेट लागत नाही. एका फोनमधली माहिती शेजारच्या फोनमध्ये थेट जाते. मधे कुठल्या कंपनीचा सर्व्हर नाही. चिन्हे गावानेच ठरवायची: जॅग्वारची वाट, औषधी वेल, मासे विणीला येतात तो ओढा, जुन्या लढाईची जागा. २६ एप्रिल २०१९ रोजी कोर्टाने वाओरानींच्या बाजूने निकाल दिला आणि सुमारे १ लाख ८० हजार हेक्टर रान तेलाच्या लिलावापासून वाचले. लढ्याच्या नेत्या नेमोन्ते नेन्किमो यांना पुढच्या वर्षी गोल्डमन पुरस्कार मिळाला. मात्र हे नकाशाचे यश म्हणून सांगताना जरा जपून सांगावे. निकाल लागला तो २०१२ मध्ये सरकारने लोकांची संमती घेण्याचे जे नाटक केले त्यातल्या दोषांवर. नकाशाने साक्षीदारांना बळ दिले, गावांना एकत्र बसवले, जगाला चित्र दिले. तेही थोडे नाही.

नकाशा प्रभावी ठरतो याचा सर्वांत चांगला दाखला मात्र विरोधकांकडून मिळाला आहे. मलेशियाच्या सारावाक राज्यात रुमाह नोर या इबान आदिवासींच्या वस्तीने कागदाच्या लगद्यासाठी झाडे लावणाऱ्या कंपनीविरुद्ध दावा लावला आणि त्यात गावाने केलेला नकाशा दाखल केला. मे २००१ मध्ये उच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने भूमापकांसाठी कायदा केला: परवानाधारक सर्व्हेअरशिवाय इतर कुणी जमिनीची मोजणी केल्यास तो गुन्हा. पुढे २००५ मध्ये अपिलात त्या गावाला वादातली जमीन गमवावी लागली, तरी पारंपरिक हक्काचे तत्त्व शाबूत राहिले. पण गावाने काढलेल्या एका नकाशाला उत्तर म्हणून सरकारला कायदा करावा लागतो, यातून नकाशाचे वजन कळते.

भारतात हा खेळ वनहक्क कायद्याच्या मैदानावर चालतो. २००६ चा हा कायदा गावाच्या ‘पारंपरिक किंवा रूढीगत सीमे’च्या आतले जंगल सामूहिक वन संसाधन मानतो. सीमा ठरवते ग्रामसभा. वनहक्क समिती जागेवर जाऊन खुणा पाहते. मग उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समिती. वनखात्याच्या नकाशात कक्ष क्रमांक असतात, तलाठ्याकडे गट क्रमांक, आणि गावाकडे असतात नाला, टेकडी, देवाचे झाड, दोन गावांच्या शिवेवरचा दगड. हे तीन नकाशे एकमेकांवर बसवणे हे महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांचे गेल्या पंधरा वर्षांतले खरे काम. आधी शीव पायी फिरायची, जुन्या माणसांना पुढे घालून, शेजारच्या गावालाही बोलावून. मागे कुणी तरी पोरगा फोनवर ट्रॅक चालू ठेवून चालतो. घरी येऊन केएमएल फाइल गूगल अर्थवर टाकायची किंवा क्यूजीआयएसमध्ये घालायची. त्या रात्री अख्खे गाव पडद्याभोवती गोळा होते आणि पहिला वाद हमखास होतो तो नाल्याच्या वळणावर.

या फोनची अचूकता किती? मोकळ्या माळावर तीन ते पाच मीटर; दाट रानात, दरीत, याहून बरीच कमी. सामूहिक हक्कात याने फारसे बिघडत नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८१० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या दोन गावांपैकी ते एक. एवढा तुकडा चौकोनी धरला आणि रेघ चारही बाजूंनी पाच मीटर आत सरकली, तर सुमारे साडेआठ हेक्टर जातात. अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण तीच चूक एक हेक्टरच्या वैयक्तिक प्लॉटवर झाली तर? शंभर बाय शंभर मीटरचे नव्वद बाय नव्वद होतात. शंभर आरचे ८१ आर. १९ आर, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा, कागदावरून नाहीसा. मोजणाऱ्याने सगळीकडे रेघ आतच घेतली असे धरले तरच एवढे नुकसान, हे खरे. पण शेताच्या कडेला झाडे दाट असतात म्हणून मोजणारा आतूनच चालतो, हेही तितकेच खरे.

उपग्रहाच्या चित्राचे दुखणे आणखी खोल आहे. वैयक्तिक दाव्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनची वहिवाट लागते, म्हणजे चित्रही त्याआधीचे हवे. त्या काळात सहज मिळणाऱ्या लिस-३ कॅमेऱ्याच्या चित्रात एक ठिपका साडेतेवीस मीटरचा. म्हणजे एका ठिपक्यात साडेपाच गुंठे. वीस गुंठ्यांचे शेत पुरते चार ठिपकेही भरत नाही. त्यात बांधावरची झाडे मिसळली की संगणक त्याला जंगल म्हणून मोकळा होतो. आणि वरकस जमिनीचे काय? रायगडच्या डोंगरउतारांवर ठाकर आणि कातकरी ज्या दळी जमिनी कसतात तिथे एक वर्ष नाचणी, पुढे वरी, मग तीळ किंवा खुरासणी, आणि मग काही वर्षे पड. पड टाकलेल्या जमिनीवर झुडूप वाढते. वरून पाहणाऱ्याला ते रान दिसते, कसणाऱ्याला विसावलेले शेत.

कायद्याच्या नियमांत २०१२ मध्ये दुरुस्ती करून स्पष्ट लिहिले गेले की उपग्रहचित्रे आणि इतर तंत्रज्ञान बाकीच्या पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येईल, त्यांच्या जागी नाही. तरी गुजरातेत उपग्रहचित्रांवर विसंबून दावे फेटाळले गेले. तिथल्या आर्च-वाहिनी या संस्थेने ते कोर्टात नेले आणि २०१३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्यांच्या फेरतपासणीचा आदेश दिला. विशेष म्हणजे हीच संस्था गावकऱ्यांना जीपीएस आणि उपग्रहचित्रे वापरून आपले दावे मांडायला शिकवत होती. हत्यार तेच, एका हातात ते दावा फेटाळते, दुसऱ्या हातात दावा उभा करते. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला तेव्हा भारतीय वन सर्वेक्षण संस्थेला उपग्रहाद्वारे अतिक्रमणांची पाहणी करण्यासही सांगितले होते. दोन आठवड्यांत हटवण्याच्या आदेशाला स्थगिती मिळाली, पण आकाशातून पाहून अतिक्रमण ठरवण्याचा मोह कुठवर पोचला आहे ते त्यातून दिसले.

रेघ ओढण्यात आणखी एक अडचण आहे, आणि ती साधने सुधारून सुटणारी नाही. रान नेहमी एकाच गावाचे नसते. शेजारच्या गावची गुरे उन्हाळ्यात या नाल्यावर येतात, त्यांच्या बाया या बाजूची मोहफुले वेचतात, बदल्यात यांना तिकडचे तळे. तोंडी व्यवहार होता तोवर चालून गेले. जीपीएसची रेघ मात्र केसाएवढी बारीक असते आणि तिला दोनच बाजू असतात. नेटिव्ह लँड या कॅनडातून चालणाऱ्या संकेतस्थळावर जगभरच्या आदिवासी मुलखांचे रंग मुद्दाम एकमेकांत मिसळू दिले आहेत. पाहणाऱ्याचा गोंधळ उडतो, पण त्या गोंधळात बरेच सत्य आहे. न्यायालयाला आणि महसूल खात्याला असला नकाशा चालत नाही. शिवाय शीव फिरायला फोन घेऊन जातात ती बहुधा तरुण मुले. सरपणाची वाट, उन्हाळ्यातला झरा, चारोळीची झाडे ज्या बायकांना पाठ असतात त्या त्या दिवशी चुलीपाशी असल्या, तर नकाशाला कड येते आणि आतला भाग कोरा राहतो.

आतला भाग भरला तरी धोका संपत नाही. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरांत सोलिगा लोकांनी एट्री या संशोधन संस्थेच्या साथीने जीपीएस घेऊन आपली चारशेहून अधिक पवित्र स्थळे नोंदवली, कुळाकुळांचे मुलूख आखले. २०११ मध्ये तिथे व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला आणि त्याच वर्षी सोलिगांना सामूहिक वनहक्कही मिळाले. देशातल्या व्याघ्र प्रकल्पात ही पहिलीच वेळ. तिथे नोंद उपयोगी पडली. पण देवस्थान कुठे, चंदन कुठे, औषधी मुळी कुठे, हे सारे एका फाइलमध्ये असेल तर ती फाइल कुणाच्या संगणकावर आहे हे विचारायलाच हवे. मेक्सिकोतल्या वाहाका राज्यात २००६ पासून अमेरिकी भूगोलतज्ज्ञांनी सापोतेक गावांचे सहभागी नकाशे केले. २००९ मध्ये तिथल्या गावांच्या संघटनेने जाहीर तक्रार केली की या कामाला अमेरिकी लष्कराच्या अभ्यास कार्यालयाचा पैसा होता आणि ते गावांना नीट सांगितले गेले नाही. भूगोलतज्ज्ञांनी आरोप नाकारले. वाद भूगोलाच्या विद्यापीठीय जगात वर्षानुवर्षे धुमसत राहिला.

कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सनी १९९८ मध्येच माहितीची मालकी, नियंत्रण, पोच आणि ताबा आपल्याकडे ठेवण्याचे चार दंडक घालून घेतले होते. २०१९ मध्ये याच हेतूची ‘केअर’ नावाची तत्त्वे जागतिक पातळीवर आली. आपल्याकडे ग्रामसभेने केलेल्या नकाशाची मूळ फाइल कुठे असावी याचा साधा दंडकही रूढ नाही. उलट फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशे करण्यावरची जुनी बंधने उठवली तेव्हा कंपन्यांना मोकळे रान मिळाले याची चर्चा झाली. गावालाही तेच स्वातंत्र्य मिळाले, याची फारशी नाही.

आता तिसरे काम. गडचिरोलीत एक हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्काचे कागद आहेत. हक्क मिळाल्यावर व्यवस्थापन आराखडा करायचा असतो. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. आराखडा म्हटला की तज्ज्ञ येतात आणि वनखात्याच्या कार्य आयोजनेचे छोटे भावंड तयार होते: कक्षांची यादी, प्रजातींची टक्केवारी, रंगीत नकाशा. रोजगार हमीचा पैसा त्यावरच मिळतो, म्हणून गावेही ते करून घेतात. या टप्प्यासाठी काही चांगली साधने आहेत. आणंदच्या फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटीचे ‘क्लार्ट’ हे ॲप खडक, उतार आणि जमीनवापर पाहून सांगते की उभ्या जागी पाणी जिरवावे की साठवावे. गावच्या पोराला शेततळ्याची जागा निवडताना ते खरोखर कामी येते. अभियंत्याच्या तारखेची वाट पाहावी लागत नाही.

पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचा निर्णय कुठल्या ॲपने सुचवला असता? २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टर जंगल हाती आल्यावर या गावाने बांबू आपणच तोडून विकायला सुरुवात केली आणि त्याच वेळी ठरवले की तेंदूपाने तोडायची नाहीत. तेंदू म्हणजे उन्हाळ्यातला रोख पैसा. विदर्भातली कित्येक घरे त्यावर पावसाळा काढतात. पण पाने चांगली यावीत म्हणून झाडे छाटली जातात, आग लावली जाते, आणि फळ माणसाला मिळत नाही की पाखराला. चर्चा लांबली, ठराव झाला. रानाचा एक भाग देवाचा म्हणून तोडीपासून अलग ठेवला गेला. या आराखड्याचा नकाशा काढायचा तर त्यात तेंदूच्या जागी काय दाखवणार? काही न करणे हाही जमिनीचा एक वापर आहे, पण त्यासाठी चिन्ह कुणी केलेले नाही.

कॅनडाच्या युकॉनमधल्या पील नदीच्या खोऱ्यात हाच प्रश्न ६७ हजार चौरस किलोमीटरच्या मापाने आला. चार फर्स्ट नेशन्सशी झालेल्या करारांनुसार नेमलेल्या आयोगाने २०११ मध्ये शिफारस केली: ८० टक्के खोऱ्याला संरक्षण. प्रादेशिक सरकारने ती बाजूला सारून २०१४ मध्ये आपलाच आराखडा काढला, बहुतेक खोरे खाणींना मोकळे. नकाशे दोन्ही बाजूंकडे होते, तितकेच सुबक, त्याच आकडेवारीवर उभे. १ डिसेंबर २०१७ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा आराखडा रद्द केला. कारण भूगोलाचे नव्हते, ठरलेली वाट सोडल्याचे होते. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यात ८३ टक्के खोऱ्याला संरक्षण आहे, त्यातले काही कायमचे, काही तूर्त.

नियोजनाच्या या टप्प्यावर सर्वांत चांगले चालणारे साधन कदाचित अजूनही पुठ्ठ्याचे आहे. जिआकोमो रांबाल्दी यांनी फिलिपिन्समध्ये रुजवलेल्या पद्धतीत समोच्च रेषांवरून पुठ्ठे कापायचे, एकावर एक चिकटवायचे आणि डोंगरदऱ्यांचे टेबलाएवढे किंवा खोलीएवढे प्रारूप उभे करायचे. पुठ्ठे कापायला शाळेतली मुले, टाचण्या टोचायला आणि लोकरीने वाटा आखायला म्हातारी माणसे, रंग भरायला सगळे. वाचता न येणारा माणूसही आपला ओढा बोटाने दाखवतो, आणि सपाट पडद्यावर जो उतार कुणाला दिसत नव्हता तो इथे हाताला लागतो. शेवटी वरून फोटो काढून सगळे जीआयएसमध्ये घालता येते.

केनियात माऊ जंगलातल्या ओगियेक लोकांनी २००६ मध्ये नेस्सुइत इथे असेच प्रारूप केले. आजचे जंगल तोडीने विरळ झालेले, म्हणून त्यांनी ते दाखवायचे नाही असे ठरवले. म्हाताऱ्यांनी आठवून सांगितले आणि मुलांनी १९२० च्या दशकातले रान रंगवले: कुठल्या कुळाची मधाची पोळी कुठे, दाट बांबू कुठवर, मोकळे गवत कुठे सुरू होई. अकरा वर्षांनी, मे २०१७ मध्ये, आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयाने ओगियेकांच्या बाजूने निकाल दिला. जमीन अजून पुरती हाती आलेली नाही. हिरवे कुठवर रंगवायचे, हे मात्र नेस्सुइतच्या त्या मुलांनी टेबलाभोवती उभे राहून आजोबांना विचारून घेतले होते.